आई नसलेली मुलगी

कोणाच्याही घरात गेल्या की सुरेखाताई पाण्याच्या आधी आपला आजार सांगायच्या. "मला एचआयव्ही हाय. आता पानी द्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा." नवरा ट्रकवर होता. तो गेला, तेव्हा त्यांना हे कळलं. गावोगाव फिरून गरोदर बायकांना तपासणीसाठी धर्माबादच्या दवाखान्यात आणायचं, हे त्यांचं काम. मी तिथं समुपदेशक होते.

एका घरात सासूनं त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्यादेखतच तो पेला उकिरड्यावर फेकला. आठवड्यानं त्या पुन्हा त्याच दारात उभ्या. मी चिडले, तर म्हणाल्या, "पेला फेकला म्याडम, सून तर फेकली न्हाई ना? तिसरा म्हैना हाय तिला." ती सून पॉझिटिव्ह निघाली. ताईंनी तिला गोळ्या चुकू दिल्या नाहीत. बाळ निरोगी निघालं. बारशाला सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, ताईंना नव्हतं.

मुरुडकडची बाई इतक्या लांब का आली, हे मी एकदा डबा खाताना विचारलं. भाकरी मोडत त्या सांगू लागल्या. नवऱ्यामागं सासरच्यांनी त्यांना बाहेर काढलं, मुलगी ठेवून घेतली. ती चुलत्याकडं वाढली. तिचं लग्न ठरलं तेव्हा दिराचा फोन आला.

"म्हनले, पोरीची आई मेली म्हनून सांगितलंय. तू जित्ती ऱ्हा, पर दुसरीकडं."

"आणि मुलगी?"

"बाजूलाच व्हती. फोन तिनंच लावून दिला व्हता."

मुलगी कुठं दिली, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढं एका सोमवारच्या तपासणीला गरोदर बायकांची रांग लागली होती. ताई नेहमीसारखी माहिती सांगत होत्या. रांगेत एक नवी मुलगी सासूबरोबर बसली होती. ती मान वर करत नव्हती. ताई दोनदा अडखळल्या; असं कधी होत नसे. सासू सहज बोलत होती. "बाई, लई चांगलं समजावून सांगता. तुमाला लेकरं किती?"

"एक पोरगी व्हती."

"व्हती?"

"आता न्हाई."

सासू हळहळली. मुलगी उठून माझ्या खोलीत आली. माहेरी कोण, विचारलं तर म्हणाली, "चुलते. आई न्हाई." रक्त देऊन झाल्यावर दाराकडं बघत तिनं हळूच विचारलं, "आईला असंल, अन् पोरगी मोठी झाल्यावर झालेलं असंल, तर त्या पोरीला येतं का?"

तेव्हा मला कळलं.

"नाही येत," मी म्हणाले. थोड्या वेळानं रिपोर्ट आला, निगेटिव्ह होता. मी तो तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "त्या बाहेरच आहेत. दोन शब्द बोलून जा."

"सासूबाई हायत बाहीर," ती म्हणाली. मग पदर सावरून ताईंच्या समोरून गेली. थांबली नाही.

ताईंनी रिपोर्ट विचारला नाही. बाईनं स्वतःहून सांगितल्याशिवाय तिचा रिपोर्ट विचारायचा नाही, हा नियम मीच त्यांना शिकवला होता. त्या दिवशी मी तो मोडायला तयार होते. त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बदलीचा अर्ज लिहून घ्यायला आल्या.

"तिच्यासाठीच आलात ना इथं?" मी विचारलं.

"हाव. बाजारात दुरून दोनदा दिसली. तेवढं बास झालं." त्यांनी अर्जाचा कागद माझ्यापुढं सरकवला. "आता तिला दर म्हैन्याला तपासायला यावं लागंल. मी हितं असले तर ती यायची न्हाई. लेकराचं नुकसान व्हईल."

मी अर्ज लिहिला. त्यांनी सही केली आणि आठवड्याभरात शिरूर अनंतपाळकडं गेल्या.

मुलगी दर महिन्याला वेळेवर येत राहिली. रांगेत माहिती सांगायला आता दुसरी बाई होती. पहिली कुठं गेली, हे मुलीनं मला एकदाही विचारलं नाही.