दोन टिचक्या

टिचकीमास्तरांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस बरोबर ओळखला होता. कलिंगड घेताना सगळेच टिचकी मारतात, ते सोडा. मास्तर चहाच्या डब्याला मारत, पाण्याच्या टाकीला मारत, बँकेतल्या काचेला मारत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा बोलता बोलता त्याच्या नव्याकोऱ्या सुटकेसलाही त्यांनी मारून पाहिली, आणि जावई बिचारा तिचं कुलूप तपासत बसला. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीला तर रोजचीच. मधलं बोट जरासं वाकवायचं आणि त्याच्या टोकाने टक, टक. दोनच. बायको लग्न झाल्यापासून म्हणत आली होती, "अहो, स्वतःच्या घरात दार वाजवायला तुम्ही काय पाहुणे आहात?"

या खोडीचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. गावाबाहेर लहान खासगी विमानांची धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड, आणि शेडच्या एका कोपऱ्यात मास्तरांचं टेबल. इंजिन, पंखे, चाकं ही कामं दुसऱ्यांची. मास्तरांकडे फक्त वैमानिकाच्या डोळ्यांसमोरची यंत्रं. किती उंचीवर आहोत ते सांगणारं, किती वेगात आहोत ते सांगणारं, विमान कललंय की सरळ आहे ते सांगणारं. जुन्या यंत्रात काचेखाली तबकडी, तबकडीवर काटा, आणि आत नखाएवढी चाकं. काटा कधीकधी आळसावतो, जागच्या जागी अडकून बसतो. काचेवर हलकी टिचकी बसली की भानावर येतो आणि खरं बोलायला लागतो. म्हणून प्रत्येक नव्या वैमानिकाला मास्तरांचा पहिला धडा हाच असे.

"काट्याने सांगितलं की लगेच मान डोलवायची नाही. आधी टिचकी, मग विश्वास."

हा धडा सगळ्यात झटपट उचलला तो डॉक्टरीणबाईंनी. या बाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दातांवर टकटक करून कुठला दुखतो ते शोधायचं हेच त्यांचं काम, तेव्हा त्यांना शिकवावं असं काही लागलंच नाही. सुट्टीच्या दिवशी त्या आपलं चार आसनी विमान घेऊन निघत, मास्तरांना हात करत, आणि वर गेल्यावर काचांवर टकटक करत फिरून येत.

त्या विमानातली यंत्रं म्हातारी झाली तेव्हा बाईंनी नवी आणली. मास्तर काही नव्याला नाक मुरडणाऱ्यांतले नव्हते. उलट खोका उघडताना त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. नवं यंत्र जुन्यासारखंच गोल, जुन्याच्याच भोकात चपखल बसणारं, पण आत ना चाक ना काटा. सगळा पडदा. त्यावर तबकडीचं चित्र, काट्याचं चित्र, आणि खाली त्या दिवशीचा हवेचा दाब लावायची जागा. हा दाब बरोबर लावला तरच उंची बरोबर दिसते. जुन्यात त्यासाठी खुंटी पिळायची, नव्यात पडद्यावर बोट लावायचं. मास्तरांनी पुस्तक वाचलं, परीक्षा दिली, नळ्या जोडल्या, तारा जोडल्या, कुठे हवा गळत नाही ना ते पाहिलं. अडीनडीला असावं म्हणून उंचीचं एक जुनं यंत्र कोपऱ्यात तसंच ठेवलं. काम इतकं देखणं झालं की शेडमधले सगळे येऊन बघून गेले.

पहिल्याच फेरीहून बाई परत आल्या त्या भुवया चढवून.

"मास्तर, हे काय? मी जमिनीवर उभी आहे आणि तुमचं नवं यंत्र म्हणतंय मी अजून हवेतच आहे."

मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. खरंच की. हवेचा दाब भलताच दिसत होता.

"निघताना नीट लावला होता ना?"

"तुमच्यासमोर लावला!"

तेही खरं होतं. मास्तरांनी यंत्र काढलं, टेबलावर नेलं, तपासणीच्या संगणकाला जोडलं. संगणकाच्या पडद्यावर आकडे एका ओळीत शहाण्या मुलांसारखे बसलेले. कुठे काडीची खोट नाही. परत विमानात बसवलं, समोर बसून पाहिलं. ठीक. अजून ठीक. मग मनात शंकेची पाल चुकचुकली, जरा खात्री करून घेतली, आणि बघतात तर दाब हललेला! पुन्हा काढलं, पुन्हा टेबलावर, पुन्हा शहाणं. शेवटी कंपनीकडे पाठवून दिलं. कंपनीने ते निर्दोष असल्याचा शेरा मारून परत धाडलं.

दुसरी फेरी तर आणखी वाईट. त्या दिवशी वर धुरकट होतं, समोरच्या टेकड्या नीट दिसत नव्हत्या. नवं यंत्र एक उंची सांगतंय, कोपऱ्यातलं जुनं दुसरीच. बाईंनी दोघांनाही पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, पण जितकं तपासावं तितकं दोघांतलं अंतर वाढत गेलं. उतरल्यावर त्यांनी गॉगल काढला, बॅगेत टाकला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या वेळी माझी भाची बसणार आहे माझ्याबरोबर."

मास्तरांना ओरडा चालला असता. हे शांत बोलणं त्यांना घरापर्यंत पुरलं.

कारण मास्तरांच्या मनात एक जुनी भीती दबा धरून होती. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हात असा, की बंद पडलेलं घड्याळ त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच चालू होतं असं लोक गमतीने म्हणत. उतारवयात एकदा त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं, सगळे भाग फडक्यावर मांडले आणि नुसते बघत बसले. मग मुलाकडे वळून विचारलं, "हे कोणाचं आहे रे?" घड्याळ घरातलंच होतं. तिथून पुढे त्यांचं डोकं हळूहळू विझत गेलं. तेव्हाच मास्तरांनी ठरवून टाकलं होतं, की ज्या दिवशी आपल्याला दोष दिसूनही सापडणार नाही, त्या दिवशी आपण यंत्रांना हात लावायचा नाही. आपल्या शब्दावर लोक हवेत जातात.

आता तो दिवस आला की काय? मास्तर स्वतःवरच पाळत ठेवू लागले. चहात साखर दोनदा पडली, झालं, मास्तर हादरले. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला, पुन्हा हादरले. खरं तर चष्मा ते ऐन तारुण्यातही असाच शोधत, पण घाबरलेल्या माणसाला हे कोणी सांगावं? टेबलावर, कंपनीत यंत्र शहाणं असतं, आपण विमानात बसवलं की वेडं होतं. म्हणजे वेडं कोण? हा प्रश्न त्यांना जेवताना सुचे, दाढी करताना सुचे, आणि अर्धी दाढी तशीच राही.

"उद्या शेवटचं बघतो," ते बायकोला म्हणाले. "नाही जमलं तर लायसन्स परत करणार."

"आधी जेवा," बायको म्हणाली. पण तिचाही घास हातातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर चष्मा विसरून गेले, या वेळी खरोखरच. तो द्यायला बायको शेडवर आली. विमान बाहेर उन्हात उभं होतं, इंजिन बंद, आतले दिवे चालू. मास्तर आणि डॉक्टरीणबाई शेजारी शेजारी बसून यंत्राकडे टक लावून बघत होते. बायको पायरीवर चढली आणि उघड्या दारातून तिने चष्मा पुढे केला. एवढ्या वर्षांत ती विमानाच्या आत पहिल्यांदाच डोकावत होती.

"थांब जरा," मास्तर चष्मा चढवत म्हणाले. त्यांनी दाब लावला. "हां. आता बरोबर आहे बाई?"

"बरोबर आहे."

दोघं पुन्हा पडद्याकडे वाकले.

"अजून बरोबर आहे ना?" मास्तर म्हणाले. टक, टक.

"आहे असं वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टक, टक.

"बदललं! बघा, बदललं! तुम्ही हात लावलात?"

"मी नाही. तुम्ही?"

"छे!"

"अहो," दारातून बायको म्हणाली, "दोघांनीही लावलात की."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं ते चिडूनच.

"आत्ता मारलंत ना त्याला? माझ्या फोनला चुकून बोट लागलं तरी तो भलत्यालाच फोन लावतो."

"अगं, मी कुठे मारलं? मी फक्त..." असं म्हणत, आपण काहीच केलं नाही हे दाखवायला मास्तरांचं बोट पुढे गेलं. टक, टक. पहिल्या टिचकीला दाबाची चौकट उघडली, दुसरीला आकडा एक पायरी सरकला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जुनं यंत्र टिचकीने खरं बोलायचं, नवं टिचकीने खोटं. जितका संशय जास्त तितक्या टिचक्या जास्त, आणि तितकी चूक मोठी. टेबलावर मात्र मास्तर संगणकाकडे बघत, म्हणून यंत्राला कोणी छेडत नसे.

मास्तर हसले नाहीत. ते खाली उतरले, हत्यारांच्या पेटीवर बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. डोकं ठिकाणावर होतं. नुसतं बोटच ठिकाणावर नव्हतं. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून मास्तरांनी मधल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली, सवय मोडायची म्हणून. डॉक्टरीणबाई भाचीला घेऊन उडाल्या, हातमोजे घालून आणि बोटं आवळून, आणि दोन्ही यंत्रांचं एकमत घेऊन उतरल्या. मास्तरांनी मग टिचकी सगळीकडेच सोडली. डबा नाही, टाकी नाही, चौकट नाही. सकाळी ते गुपचूप येऊन स्वयंपाकघरात उभे राहत. बायको वळली की दचके. एकदा तिच्या हातून वाटी निसटली. आधी टकटक ऐकली की ती चहाचं आधण ठेवायची, आता अंदाजाने चहा करू लागली. कधी चहा ते उठायच्या आतच गार होई, कधी ते येऊन ताटकळत उभे राहत. हा माणूस रागावलाय की आजारी आहे, तिला काही कळेना. आणि तिला काय कळत नाही, हे मास्तरांना कळेना.

एका सकाळी ती त्यांच्यासमोर आली, त्यांचा हात धरला आणि चिकटपट्टी सोलून काढायला लागली.

"अगं, काय करतेस? सवय मोडायला नको का?"

"तिकडे मोडा. तिकडे यंत्र नवीन आलंय." पट्टीचं टोक तिच्या नखात सापडलं. "इथे मी जुनीच आहे."

ती पाठ फिरवून ओट्याशी गेली आणि काही न करता तशीच उभी राहिली. मास्तर बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिले. पट्टीखालचं पेर पांढरं पडलं होतं. मग त्यांनी हात चौकटीपर्यंत नेला. टक, टक.

तिने वळून पाहिलं नाही. चहाचं आधण ठेवलं.