तिसऱ्या हाकेला

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये विचारायला नको. मी देव, भूत, भानामती, काही मानत नाही. अंगारा लावलेला माणूस समोर आला की माझं डोकं उठतं. माझं काम आकड्यांचं आहे. पनवेलकडच्या एका मोठ्या रुग्णालयात मी परफ्युजनिस्ट आहे. म्हणजे ज्याचं हृदय अचानक बंद पडायच्या बेतात आहे, त्याला आम्ही एक्मो नावाच्या मशीनवर घेतो, आणि ते मशीन मी सांभाळतो. मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये प्राणवायू द्यायचा, परत आत पाठवायचं. माणूस जगतो. हृदयाला तेवढी विश्रांती मिळते... मग ते सुधारतं, किंवा सुधारत नाही.

एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनचा पंप सलग फिरतो, त्यात ठोके नसतात. त्यामुळे अशा पेशंटची नाडीच लागत नाही. हात गरम, रंग चांगला, आणि मनगटावर बोट ठेवलं तर काही नाही. मॉनिटरवर रक्तदाबाची लाल रेघ असते, ती इस्त्री केल्यासारखी सपाट. हृदय पुन्हा पिळायला लागलं की त्या रेघेवर बारीक उंचवटे येतात. माझी अर्धी नोकरी त्या उंचवट्यांची वाट बघण्यात जाते.

गेल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत महाडहून फोन आला. पोलादपूरकडचा चौतीस वर्षांचा शेतकरी, चिखलात काम करून लेप्टोचा ताप आलेला, आणि तो संसर्ग थेट हृदयात गेलेला. आमची टीम महाडच्या दवाखान्यात गेली, तिथेच मशीन जोडलं आणि ॲम्ब्युलन्सने त्याला घेऊन आलो. नाव यशवंत. बायको ओली बाळंतीण, चौदा दिवसांची मुलगी, म्हणून सोबत फक्त आई आली. सोनाबाई. नऊवारी, खांद्यावर पिशवी, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या. रात्रंदिवस ती आयसीयूबाहेरच्या एकाच खुर्चीवर असायची.

भेटायची वेळ अकराला आणि पाचला, दहा-दहा मिनिटं. ती यायची, पायाशी उभी राहायची आणि निघून जायची. एक शब्द नाही. सहाव्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, बोला ना त्याच्याशी काहीतरी. झोपेत असला तरी ऐकू जातं म्हणतात." हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. सांगायला पैसे पडत नाहीत.

तिने हाक मारली, "येशाऽऽ!"

अहो, ती हाक खोऱ्यातली होती. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाणारी. पलीकडच्या दोन बेडचे पेशंट दचकले. माधवी सिस्टर धावत आल्या, "आजी, हळू! आजी, नको!" सोनाबाई तशीच बाहेर निघाली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "हळू आवाजात मारा हाक."

"त्याचा काय उपेग नाय," ती म्हणाली. "एका हाकेला कोन ओ देतंय? तीन मारू द्या म्हनावं."

मला कळलं. मीही त्याच भागातला, शिवथरच्या खोऱ्यातला. आमच्याकडे लहानपणी हेच शिकवतात, की एका हाकेला ओ देऊ नये, दुसरीला नको, तिसरीला द्यावी. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर दोनदाच. आमची अख्खी पिढी तिसऱ्या हाकेपर्यंत कान बंद ठेवून वाढली आहे.

आणि मला तिचा राग आला. उगाच नाही. माझी आई त्याच्या दोन वर्षं आधी श्रावणात गेली. वाडीत एकटीच असायची. त्या दुपारी मी एका पेशंटला मशीनवर घेत होतो, बारा ते पाच. फोन लॉकरमध्ये, तसा नियमच आहे. बाहेर आलो तेव्हा आईचे तीन मिस्ड कॉल होते. लागोपाठ तीन, मग काही नाही. मी उलट फोन केला तो शेजारच्या काकांनी उचलला. वडील आधीच गेलेले, लग्न मी केलं नाही. तेव्हापासून घराला कुलूप आहे, आणि मला तीन हाकांचं शहाणपण कोणी सांगितलं की सहन होत नाही.

आठव्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला होता. हृदय जेमतेम थरथरत होतं, झडप उघडतच नव्हती. आत रक्त साचून गुठळी व्हायची भीती, नळ्या घातलेला पायही काळवंडायला लागलेला. "उद्या संध्याकाळपर्यंत बघू," ते म्हणाले. "नाहीतर आईशी बोलावं लागेल." बोलायचं म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

अकरा वाजता ती आत आली तेव्हा मी माधवी सिस्टरना म्हटलं, "आज तीन मारू द्या. जबाबदारी माझी." श्रद्धा वगैरे काही नाही. दया आली, इतकंच. उद्या त्या बाईला जे ऐकायचं होतं, त्याआधी तिच्या मनासारखं होऊ दे म्हटलं.

पहिली हाक. रेघ सपाट. दुसरी... सपाट. मी सवयीने मॉनिटरकडेच बघत होतो. तिसरी हाक संपली आणि लाल रेघेवर एक उंचवटा आला. मग दुसरा, तिसरा. नऊ मोजले मी. मग पुन्हा इस्त्री.

मी लगेच म्हटलं, हिचा हात पलंगाला लागला असणार. नळी हलली की रेघ हलते, शिकाऊ पोरालाही माहीत असतं. सेन्सर शून्यावर आणून पुन्हा लावला. नळ्या टेपने पक्क्या केल्या. पाच वाजता तिला पलंगापासून चार हात लांब उभं केलं, हात जोडून. "मावशी, कशालाही शिवायचं नाही." पंपाचे फेरे तेच, औषधं तीच. मी पेन घेऊन तयार.

पहिली हाक, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या हाकेला रेघ उठली, आणि या वेळी ती पूर्ण एक मिनिट चालली. माधवी सिस्टरनी माझा दंड धरला होता, ते मला नंतर कळलं.

"दिली ना ओ?" सोनाबाईने विचारलं. तिने मॉनिटरकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकोमध्ये झडप उघडताना दिसली. संध्याकाळी आईशी बोलावं लागलं नाही. चार दिवसांनी मशीन काढलं. डॉक्टरांना मी मॉनिटरच्या मेमरीतले आलेख दाखवले, वेळेसकट. ते म्हणाले, "हृदयाला सूज आली की असंच होतं. सुधारायचं तेव्हा पटकन सुधारतं. नेमकी तीच वेळ होती." बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं. इथपर्यंतच असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

कापणी झाल्यावर यशवंतचा फोन आला, "सर, जेवायला यायलाच पायजे." मी गेलो. पोलादपूरहून आत बारा-तेरा किलोमीटर, दुपारची वेळ, खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. तो बारीक झाला होता, पण मुलगी मांडीवर घेऊन बसला होता. जेवण झालं. सोनाबाई सुपारी कातरत होती. मी सहज विचारलं, आठवतं का काही त्या दिवसांतलं?

"दिसत काय नव्हतं," तो म्हणाला. "निसतं ऐकू येत व्हतं. नदीच्या पल्याडनं एक बाई हाका मारायची."

"तुझी आईच ती."

"नाय वो. आईचा आवाज मला ठाव हाय. ती लय नंतर आली. ही दुसरीच. मला नाय, दुसऱ्याच कुनाला तरी मारायची... धोंडू. 'धोंडूऽ, भात निवतोय रे.' तीन हाका. मग गप. मग परत तीन. कोन ओ देत नव्हतं. मला लय वाईट वाटायचं. एकदा वाटलं आपुनच द्यावी, पन दुसऱ्याच्या हाकेला आपुन कशी देनार?"

माझं नाव कागदोपत्री दीपक आहे. माझ्याआधीची दोन मुलं वाचली नाहीत, म्हणून आईने मला दगडाधोंड्याचं नाव ठेवलं होतं, कोणाची नजर पडू नये म्हणून. शाळेत गुरुजींनी दीपक केलं. पनवेलमध्ये हे कोणालाही माहीत नाही. मला लाज वाटायची. मी ओढ्यापलीकडे खेळत असायचो आणि ती अंगणातून ओरडायची, भात निवतोय म्हणून. तिसऱ्या हाकेलाही गेलो नाही तर काठी घेऊन यायची.

"तुमच्याकडं कोन धोंडू हाय काय, सर?" यशवंत विचारत होता. "असला तर सांगा त्याला. आई हाक मारते म्हनावं."

"आई कशावरून?" मी विचारलं.

सोनाबाई म्हणाली, "आईच असनार. दुसरं कोन भातासाठी एवढ्या हाका मारतंय?"

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे धोंडू नावाचं कोणी नाही."

निघताना तिने डब्यात भात बांधून दिला. "घरी कोन हाय तुझ्या?" विचारलं. मी म्हटलं आहेत सगळे. का खोटं बोललो कोण जाणे.

पनवेलला जायचं सोडून महाडवरून गाडी वरंधच्या रस्त्याला घातली. वाडीत पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन डोंगरावर चढलं होतं. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. मग डबा घेऊन ओढा ओलांडून पलीकडे गेलो, जिथे लहानपणी असायचो तिथे, आणि घराकडे तोंड करून ओ दिली. अडतीस वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. एकदा दिली. कोणी ऐकलं नसेल म्हणून आणखी दोनदा दिली.

वरच्या घरातून काकांचा आवाज आला, "कोन हाय रे?"

"धोंडू," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव तोंडातून निघालं. डब्यातला भात मी तिथेच खाल्ला. निवला होता.

कोकणात धोंडू नावाची माणसं काय कमी आहेत? आणि भात तर घरोघरी निवतो. औषधांच्या गुंगीत पेशंटना काय काय ऐकू येतं, हे मीच नातेवाइकांना समजावून सांगत असतो. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं आहे. आलेखांच्या प्रिंट माझ्या कपाटात आहेत. आत जाताना फोन आजही लॉकरमध्येच ठेवावा लागतो.

इथे बरीच जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारतो. यशवंतने ओ दिली ती आम्हाला मॉनिटरवर दिसली. मी दिलेली पोचली की नाही, ते कुठे बघायचं?