लाल फडक्याचा बांबू

या विश्वात आपल्या जाणिवेपलीकडची एक शक्ती आहे आणि वेळ आली की ती आपल्याला सावध करते, असं मी आज छातीठोकपणे लिहिणार होतो. तेवढं वाक्य लिहून झालं आणि वंदनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आधी काय झालं ते लिहा. शक्तीचं मागाहून बघू."

वंदना माझी बायको. मी भोरच्या कोर्टात वकिली करतो. भूतखेत, संकेत, दृष्टान्त वगैरे प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. "साहेब, माझ्या डोळ्यांनी बघितलं" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय, आणि पुष्कळदा अशांच्या तोंडून की जे त्या दिवशी गावातही नव्हते. या सदरातले अनुभवसुद्धा मी रविवारी जेवणानंतर वाचतो ते मुख्यतः त्यातल्या विसंगती शोधायला. तेव्हा आता तुम्ही माझ्या शोधा. सापडल्या तर कळवा... मला त्या हव्याच आहेत.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. वंदना शाळेतून निवृत्त झाल्यावर जलरंग शिकायला लागली. तिच्या क्लासचे सर – नाव देत नाही, तेही हे सदर वाचतात – त्याआधीच्या हिवाळ्यात चित्रकारांच्या एका गटाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहून आले होते. जाताना ते चित्रकलेचे शिक्षक होते. परतले ते रुंद काठाची चामडी हॅट घालून आणि दोन वाक्यांच्या मध्ये डोळे मिटून थांबत. आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपल्यालाही असं शिबिर घ्यायचंय. भोर तालुक्यात वाळवंट नाही ही अडचण कुणीतरी मांडली. सर डोळे मिटून थांबले आणि म्हणाले, "आहे. उन्हाळ्यात असतं."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भोरहून भाटघर धरणाच्या कडेकडेनं वेळवंड खोऱ्यात आत गेलं की मे महिन्यात पाणी पार खाली गेलेलं असतं आणि फुगवट्याचा तळ उघडा पडतो. झाड नाही, झुडूप नाही. भेगाळलेला गाळ, पिवळट, तांबूस, कुठे राखाडी. मधूनच बुडालेल्या गावाच्या एखाद्या घराचं जोतं आणि देवीच्या देवळाची पायऱ्यांपुरती उरलेली खूण. आम्ही भोर गावातले लोक हे सगळं पुलावरून बघतो आणि "यंदा पाणी फारच उतरलंय" म्हणून घरी येतो. आत उतरून मी कधी गेलो नव्हतो.

काठावरच्या गावात सोपानराव म्हणून शेतकरी आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पुण्याची मंडळी येतात म्हणून त्यांनी दोन खोल्या बांधल्यात. तिथे शिबिराची उतरण्याची आणि जेवणाची सोय होती. चित्रकार सात-आठ, बहुतेक निवृत्त. मी चित्रकार नव्हे. मी छत्री, पाण्याची बाटली आणि एक जाड पुस्तक घेऊन, गाडी चालवायला म्हणून गेलो होतो. पहिल्या दिवशी वंदना मात्र आमच्याबरोबर नव्हती. नसरापूरला दातांच्या डॉक्टरांकडे तिची वेळ होती. ती मागून एसटीनं येणार होती.

सकाळी तळात उतरल्यावर सरांनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि वाळवंटातली हकिकत सांगितली. तिथले मूळ रहिवासी, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या चित्रकार बायका, त्यांच्याशेजारी मातीत बसून घालवलेले दिवस. त्यांच्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांची नक्कल आपण करायची नाही, कारण ते ठिपके म्हणजे त्यांच्या घरची गोष्ट आहे, हेही सांगितलं. मला ते आवडलं. मग म्हणाले, एका टेकडीकडे बोट दाखवून त्या बायका म्हणाल्या, ही काढू नका. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आम्ही आपापले ईझल उचलले आणि पाठ फिरवून बसलो. "भूमीवर कुणीतरी आधीच काही लिहून ठेवलेलं असतं," सर म्हणाले. "ते वाचायला शिकलं पाहिजे." दोघीतिघींचे डोळे पाणावले. खरं सांगायचं तर मीही पुस्तक मिटलं.

त्यानंतर सर उठले, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून समोरचं दृश्य त्यांनी न्याहाळलं, आणि चौकटीच्या उजवीकडे गाळात रोवलेला एक बांबू होता, त्याच्या टोकाला लाल फडकं, तो चालत जाऊन उपटला. म्हणाले, "रचनेत नुसता गोंगाट." तो बांबू त्यांनी आमचं सामान आणलेल्या टेम्पोजवळ टाकला. टेम्पोवाल्याला वाटलं सावलीसाठी आणलेल्या आपल्याच मांडवाचा आहे. त्यानं तो ताडपत्रीखाली सरकवला आणि जेवणाची पातेली आणायला तात्यांच्या घराकडे निघून गेला.

हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि कुणालाही, मलासुद्धा, त्यात काही वावगं वाटलं नाही.

टेम्पो गेल्यावर बऱ्याच वेळानं वंदनाचा फोन आला. मी फाट्यापर्यंत चढून गेलो. एसटीतून ती उतरली आणि तिथून तळापर्यंत मी तिच्याबरोबरच होतो. वाटेत ती कुणाशी बोलली नाही. माझ्याशी बोलली ते दाताबद्दल. वाट टेकाडाला वळसा घालून उतरते, त्यामुळे शेवटच्या वळणापर्यंत तळ दिसत नाही. खाली पोचल्यावर सरांनी तिला जागा दाखवली आणि नेहमीचं वाक्य सांगितलं, "दिसतं ते काढा. माहीत असतं ते काढू नका." तिनं बोर्ड मांडीवर घेतला. मी पुस्तक उघडलं.

दुपारी जेवणाची वाट बघत असताना एक वावटळ उठली. धुळीचा भोवरा गरागरा फिरत आला आणि त्यानं सरांची हॅट उचलली. ती लोळत लोळत सपाट गाळावर जाऊन पडली. सगळ्यांचे हात रंगात. मोकळा मी एकटाच. छत्री काठीसारखी टेकत मी निघालो. वरची खपली चांगली वाळलेली होती, पायाखाली कुरकुरत होती. हॅट आता दहा-बारा पावलांवर असेल, तेवढ्यात मागून वंदनाचा आवाज आला.

"अहो, थांबा. बांबूच्या पलीकडे जाऊ नका."

मी थांबलो. यात अमानवी काही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे शिकलोय की ती थांबा म्हणाली की आधी थांबायचं आणि मग वाद घालायचा. मी वळून विचारलं, "कुठला बांबू?"

"तो काय तुमच्या पुढ्यात. लाल फडक्याचा."

"इथे बांबू नाहीये, वंदना."

"डोळ्यांची तपासणी मी तुम्हाला कधीची सांगतेय."

सगळे आमच्याकडे बघत होते. चारचौघांत बायकोची साक्ष खोटी पाडण्याची संधी वकिलाला सहसा मिळत नाही. ती म्हणत होती त्या जागी मी छत्री जोरात टेकवली आणि म्हणालो, "हे बघ, काही नाही."

छत्री आत गेली. खपली फुटली आणि खाली काहीच लागलं नाही. लोण्यात सुरी जावी तशी ती मुठीपर्यंत गेली, आणि मी पुढे कलंडता कलंडता ती सोडून दिली म्हणून मागे बसलो. मूठ थोडा वेळ दिसत होती. मग तीही दिसेना. त्या भोकातून काळं पाणी हळूहळू वर आलं.

मी बसल्या बसल्याच मागे सरकत आलो. वकिलाला शोभणारं ते दृश्य नव्हतं. वंदना धावत येऊन माझा दंड धरून उभी राहिली.

पाणी प्यायल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो तिला. तुला कुणी सांगितलं इथे बांबू होता? ती म्हणाली, होता म्हणजे काय, आहे की. आणि वळून बघितलं... तर नव्हता. तिचा चेहरा उतरला. मग तिनं आपला बोर्ड उचलून आमच्यापुढे धरला. चित्रात समोरचा तळ होता, देवळाच्या पायऱ्या होत्या, आणि उजवीकडे एक बारीक उभा बांबू, टोकाला लाल. रंग वाळून गेला होता. म्हणजे हॅट उडायच्या बऱ्याच आधी काढलेला. बाकी कुणाच्याही चित्रात तो नव्हता. कसा असणार?

लाल रंगाच्या खाली एक निळी रेघ होती, नखाएवढी. मी विचारलं, हे निळं काय? "दोरी आहे. दिसली ती काढली," ती म्हणाली.

तिचं माहेर पानशेतच्या बाजूचं, तिथल्याच फुगवट्यालगतचं. पाणी उतरलं की जिथे गाळ पोकळ असतो, जुनी विहीर बुजलेली असते, तिथे बांबू रोवून लाल फडकं बांधायचं, म्हणजे गुरं आणि माणसं तिकडे जात नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आम्हाला सांगावं असं तिला वाटलंच नाही. रस्त्यावर स्पीडब्रेकर दिसला तर आपण बाकीच्यांना बोलावून दाखवतो का?

तेवढ्यात टेम्पो आला, जेवण घेऊन. मागे तात्या. ताडपत्री काढली आणि बांबू बाहेर आला. लाल फडकं एका निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं होतं. ती दोरी सकाळी मी पाहिली नव्हती. सरांनीही नव्हती, आणि त्यांनी तर तो हातात धरला होता.

तात्यांनी बांबूकडे बघितलं, मग गाळातल्या भोकाकडे. "हा उपटला कुनी?"

सर म्हणाले, "मी. चित्रात मध्ये येत होता."

"मागल्या साली आमची म्हस आत गेली, तवा ती कुनाच्या चित्रात आली नव्हती. जीपला दोर लावून काडली." त्यांनी भोकाकडे बोट केलं. "हितं जुन्या गावाची हीर हाय. वरून बुजलीया, खाली न्हाई."

सरांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी बांबू उचलला, तात्यांनी दाखवलं तिथे नेला आणि आपल्या हातांनी रोवला. परत आले ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तिकडे म्हाताऱ्यांनी बोट दाखवल्यावर मी पाठ फिरवून बसलो, आणि इथे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही. त्यांच्याबद्दल मनातल्या मनात जमवलेली बरीच वाक्यं त्या दुपारी मी सोडून दिली.

तात्यांना स्पष्टीकरण शोधावं लागलं नाही. पायऱ्यांकडे हात करून म्हणाले, "आईनं दावला."

वंदना म्हणाली, "दाखवायचाच होता तर ह्यांना दाखवायचा. जात होते ते."

"त्यांनी मानला असता व्हय?" तात्या म्हणाले.



नंतर मी वंदनाची रीतसर उलटतपासणी घेतली. फाट्यावरून बांबू दिसला असेल? दिसत नाही, मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. टेम्पोत दिसला असेल? टेम्पो ती यायच्या आधी गेला होता, आणि त्याची वाट दुसरी. ग्रुपवर सरांनी सकाळी फोटो टाकले होते, त्यात असेल? फोटो चार. चारांतही सर होते, बांबू नव्हता. लहानपणीच्या सवयीनं तिच्या नजरेनं पोकळ गाळ ओळखला आणि मनानं तिथे बांबू उभा केला, हा माझा सगळ्यात आवडता युक्तिवाद. तो निळ्या दोरीपाशी येऊन थांबतो. साक्षीदार मात्र अजिबात डगमगली नाही. "मला दिसला म्हणून काढला. नसता दिसला तर नसता काढला. आता झोपू द्या," एवढंच तिचं म्हणणं.

तेव्हा स्पष्टीकरण नाही. आजही नाही. पूर्वी अशा वाक्यानं मी चिडायचो. आता चिडत नाही. कारण एवढं मात्र पक्कं आहे की मी इथे बसून हे लिहितोय, आणि आतल्या खोलीत वंदना रेडिओ लावून कुणालातरी फोनवर तोंडल्याच्या भाजीची कृती सांगतेय. त्या दोन्ही आवाजांचा मला पूर्वी त्रास व्हायचा.

आभार मानायचे आहेत, पण कुणाच्या नावे हे ठरत नाही. म्हणून मी ते वाटून टाकलेत. सकाळचा चहा आता मी करतो. तात्यांकडे एक नारळ देऊन आलो, पायऱ्यांवर फोडायला. त्यांनी विचारलं, "वकीलसायेब, मानता व्हय आता?" मी म्हटलं, मानत नाही, पण नारळ देवीला द्या. "त्येवडं चालतं तिला," ते म्हणाले. सरांकडेही गेलो. "दिसतं ते काढा" हे त्यांनी शिकवलं नसतं तर वंदनानं तो बांबू कदाचित सोडून दिला असता, आणि आज माझ्या हातात पुरावा नसता. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते डोळे मिटून थांबले. या वेळी मला त्या थांबण्याचा राग आला नाही.

दिवाळीनंतर शिबिरातल्या चित्रांचं भोरमध्ये प्रदर्शन झालं. परीक्षक पुण्याहून आले होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. वंदनाच्या चित्राला बक्षीस मिळालं नाही. चित्राखाली अभिप्रायाची चिठ्ठी होती: "रचना चांगली. उजवीकडची काठी टाळली असती तर चित्र अधिक मोकळं झालं असतं."