कान्याखालचं कडक बटण

टायपिंग मी यवतमाळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, लोखंडी मशीनवर. आमचे सर फारसं बोलत नसत. पाठीमागून येऊन शेवटची कार्बन कॉपी उचलायचे, खिडकीकडे धरायचे, आणि अक्षर पुसट दिसलं की पूर्ण कागद पुन्हा करायला लावायचे. त्यामुळे माझी बोटं बटण दाबायला शिकलीच नाहीत, ठोकायला शिकली. पुढे मशीन गेलं, संगणक आला, तरी हात तोच राहिला.

कळंबला तहसीलसमोर एका खोलीत माझं टेबल होतं. अर्ध्या खोलीत स्टँप विकणारे काका बसायचे, उरलेल्या अर्ध्यात मी, माझा संगणक आणि प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे कागद, शाळेच्या दाखल्यातल्या दुरुस्त्या असं काम दिवसभर चालायचं.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी हे काम अंगावर आलं. पंचनाम्याचे अर्ज, भरपाईचे अर्ज, राहून गेलेल्या नावांचे अर्ज. लोक पायरीपर्यंत बसलेले असायचे. माझे मिस्टर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापूसच येईना तर तोलणार काय, जिनिंग संक्रांतीच्या आधीच बंद पडलं. घर माझ्या बोटांवर आलं, आणि त्याच हिवाळ्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुजलं. सकाळी भाकरी थापताना ती दोन बोटं वाकायची नाहीत.

यवतमाळला डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "संधिवात आहे. गोळ्या चालू ठेवा, पण हे टायपिंग सोडा. अशीच ठोकत राहिलात तर बोटं वाकडी होतील."

येताना बसमध्ये मिस्टर म्हणाले, "सोडून दे ना मंग. झेरॉक्सची मशीन टाकू आपण. त्याले बोटं लागत नाहीत."

"झेरॉक्स तिथं तिघांजवळ आहे," मी म्हटलं. "मी नाही सोडत."

"हात गेला तर काय करशील?"

"जाऊ नाही देत."

बोलून तर गेले. काय करणार हे मात्र मलाच माहीत नव्हतं.

इन्स्टिट्यूटमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण तेव्हा नागपूरला एका भाषांतराच्या ऑफिसात होती. तिला फोन केला तेव्हा मनात होतं ते फक्त रडून घेणं. तिनं रडू दिलं नाही. विचारलं, "कीबोर्ड कोणता आहे तुह्याकडे?"

"कोणता म्हणजे? काळा."

"ये एकदा इकडे," ती म्हणाली.

एका रविवारी गेले. ऑफिस बंद होतं, ती किल्ली घेऊन आली होती. आधी तिनं माझ्यासारखाच एक साधा कीबोर्ड पुढे ठेवला आणि एक बटण अगदी हळू दाबायला सांगितलं. "सांग, अक्षर कुठं उमटते?" तळाला टेकलं तेव्हा उमटलं. "खाली रबराचा पडदा आहे. तो पूर्ण चेपल्याशिवाय अक्षर येत नाही. म्हणून तू दर अक्षराले बोट तळावर आपटतं."

मग तिनं लाकडाची एक पट्टी काढली. तिच्यावर सुटी बटणं बसवलेली, प्रत्येकाच्या पोटात वेगळी स्प्रिंग. तिच्या ऑफिसात सगळे त्यावर दाबून पाहून आपापला कीबोर्ड ठरवायचे. काही बटणं लोण्यासारखी थेट खाली जात. काहींना अर्ध्या वाटेत बारीकशी गाठ लागे. गाठ ओलांडली की अक्षर उमटलं, पुढे जायची गरज नाही. काही त्याच जागी टकटक वाजत. कडकपणा ग्रॅममध्ये मोजतात हेही तेव्हाच कळलं. पंचेचाळीस ग्रॅमचं बटण बोट ठेवताच बसत होतं, साठच्या वरच्याला मुद्दाम जोर लावावा लागत होता.

मी दुखरी करंगळी एकेका बटणावर ठेवत गेले. सगळ्यात हलक्या बटणावर ती दुखलीच नाही. कितीतरी दिवसांनी असं झालं होतं. "हेच पाहिजे," मी म्हटलं.

"घाई करू नको," मैत्रीण म्हणाली. "दोन-तीन परिच्छेद करून पाह्य."

मी ऐकलं नाही. तसा हलका कीबोर्ड तिच्या ओळखीनं मागवला आणि आठवड्यानं एसटीच्या पार्सलनं तो कळंबला आला.

पहिल्या दिवशी हात पाण्यात असल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी बाकावर बसून आपला अर्ज वाचणाऱ्या एका बाईनं मान वर केली. "ताई, हे 'अर्जादार' काय आहे? आन् इथं 'कापाशी' लिवलं."

मी कागद घेतला. पानभर काने पडले होते, जिथं नको तिथं. तिला नवा काढून दिला, आणि ती गेल्यावर मी नुसतीच हात कीबोर्डवर ठेवून पडद्याकडे बघत बसले. काही न दाबताही एक काना उमटला. आमच्या मराठी टायपिंगमध्ये काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असतो. ते बोट माझं धडधाकट. लोखंडी मशीनवर आम्ही बोटांचं सगळं वजन बटणावर टेकवून बसायचो, मशीनला त्याचं काही वाटत नसे. या नाजूक बटणाला ते वजनच पुरे होत होतं.

त्या रात्री मिस्टरांना सांगितलं नाही. सकाळी मैत्रिणीला फोन केला.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"म्हटलं होतं. आता सांग, सगळी बटणं एकसारखीच पाहिजेत असं कोणी ठरवलं? दुखणारी बोटं दोनच आहेत."

ती म्हणाली, "बटणं उपसून बदलता येतात असे कीबोर्ड मिळतात. महाग असतात. पण मिळतात."

तो यायला महिना लागला. तोवर जुन्यावरच काम केलं, करंगळीला कापडाची पट्टी गुंडाळून. मी परत पाठवलेला हलका कीबोर्ड मैत्रिणीनं तिच्या ऑफिसात एकीला देऊन टाकला. नवा आला तेव्हा सोबत चार पिशव्यांत चार तऱ्हेची बटणं होती आणि ती उपसायचा एक चिमटा. दुपारी तहसीलची जेवणाची सुटी झाली की मी बटणं बदलत बसायचे. आधी वाजणारी लावली. अक्षर उमटल्याची कानाला खूण मिळते, म्हणून मला ती आवडली होती. स्टँपवाल्या काकांनी दोन दिवस सहन केलं.

"बाई, हे काय आहे वं?" तिसऱ्या दिवशी ते म्हणाले. "मले वाटते पत्र्यावर गारा पडून राह्यल्या. गिऱ्हाईक काय बोलते, ऐकूच येत नाही."

वाजणारी काढली. शेवटी असं बसवलं: मधल्या बोटाच्या कान्याखाली सगळ्यात कडक. दुखऱ्या दोन बोटांच्या वाट्याला येणाऱ्या अक्षरांखाली, म्हणजे स, य आणि त्यांच्या वरखाली, हलकी. पण तीही गाठ असलेली, नाहीतर तीच बोटं पुन्हा तळ शोधत गेली असती. बाकी सगळीकडे मध्यम.

"एका कीबोर्डले तीन प्रकारचे बटणं?" मिस्टर म्हणाले. "असं असते काय कुठं?"

"नसेल. माझ्याकडे आहे."

बटणं बदलणं त्यामानानं सोपं होतं. हात बदलणं अवघड गेलं. गाठ लागली की थांबायचं, एवढंच शिकायचं होतं, पण सरांची कार्बन कॉपी माझ्या मनगटात बसलेली होती. रोज तहसील उघडण्याआधी मी खोलीवर जायचे आणि एकच उतारा इतका हळू टाइप करायचे की एकही बटण तळाला लागू नये. टक झालं की ओळ पुन्हा पहिल्यापासून. गती निम्म्यावर आली. लोक ताटकळले, काही समोरच्या दुकानात गेले. जाणाऱ्यांना मी थांबवलं नाही. काका मात्र बाकावरच्या लोकांना सांगायचे, "थांबा थोडं. बाई नवीन गाडी शिकून राह्यली."

होळीच्या सुमारास खोलीतला आवाज बदलला. माझ्या आधी तो काकांच्या लक्षात आला. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "काम चालू आहे का बंद?"

माझं चालूच होतं. पडद्यावर अक्षरं पडत होती, टेबल हलत नव्हतं.

पुढच्या हंगामात पुन्हा अर्जांची रांग लागली. जिनिंग पुन्हा सुरू झालं होतं, पण मिस्टरांना निम्मेच दिवस काम होतं. मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टाइप करायचे. संध्याकाळी बोटं थकायची, पण सुजायची नाहीत. गोळ्या सुटल्या नाहीत, दुखणंही गेलं नाही. थंडीत करंगळी अजून अडते, आणि दर दिवाळीला मी तिच्याखालची बटणं दाबून पाहते की स्प्रिंग बदलायला झाली का.

मागच्या वर्षी वणीकडची एक बाई चौकशी करत आली. तीही तिकडच्या तहसीलसमोर टाइप करते, अंगठा आखडला होता तिचा. "तुमच्यासारखाच कीबोर्ड लावून द्या," म्हणाली. मी तिच्यापुढे माझी उरलेली सुटी बटणं मांडली आणि म्हटलं, "माझ्यासारखा नका घेऊ. कोणतं बोट दुखते ते आधी दाखवा."