बारा भाषांतली एक चौकशी

आमच्या कंपनीत सगळ्यांना हुद्दे आहेत. थांबाकाकांना मात्र फक्त नाव होतं, आणि तेही आम्हीच ठेवलेलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. सतरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसूनही मला ते कधी वापरावं लागलं नाही. "थांबा, विचारून घेऊ," हे वाक्य त्यांच्या तोंडात असं बसलं होतं, की लिफ्टचं बटण दाबण्याआधीसुद्धा ते मागे वळून कुणी येतंय का ते बघत. त्यांच्याबरोबर लिफ्टने जाण्यापेक्षा मी जिना चढायचे.

आता कामाचं सांगते. आमची कंपनी साठवणीचा सर्व्हर विकते. दवाखाने, शाळा, वकील, सगळे आपापले कागद, फोटो आणि फिल्म त्यात ठेवतात. ठेवायला कुणाचीच ना नसते. जागा भरली की मग पंचाईत होते. म्हणून सर्व्हर अधूनमधून जुन्या फाइली पुसायला काढतो, आणि पुसण्याआधी एका छोट्याशा प्रोग्रॅमला विचारतो, "पुसू का?" या छोट्या प्रोग्रॅमला आम्ही प्लगइन म्हणतो. तो सर्व्हरच्या बाहेर बसतो आणि प्रोग्रॅम लिहायच्या कुठल्याही भाषेत लिहिलेला चालतो. प्रश्न ऐकला आणि 'हो' किंवा 'नाही' सांगितलं की त्याचं काम झालं.

ही कुठल्याही भाषेची सोय ग्राहकांसाठी होती, पण तिचा खरा उपभोग घेतला आमच्या साहेबांनी. दर दीड-दोन वर्षांनी नवे साहेब येत. प्रत्येकाची एक लाडकी भाषा असे, आणि आधीच्या साहेबांची भाषा कशी भिकार होती हे सिद्ध केल्याशिवाय त्यांना घास जात नसे. मग फर्मान निघे: पुसण्याआधी विचारणारं प्लगइन नव्या भाषेत लिहा. ते लिहिणार कोण? थांबाकाका.

त्यांनी ते आधी सीमध्ये लिहिलं, मग पर्लमध्ये, मग जावात, मग पायथनमध्ये. करता करता अकरा भाषा झाल्या. एकीत ओळ संपली की अर्धविराम हवा, दुसरीत तो टाकला की लोक हसतात, तिसरीत ओळ चार घरं आत सरकवली नाही तर सगळं मुसळ केरात. काका प्रत्येक भाषा नव्या चष्म्याच्या नंबरासारखी निमूट लावून घेत. प्लगइन मात्र अकराही वेळा तेच करायचं. दवाखान्याची एक्स-रे फिल्म पुसायची असेल, तर ते आधी दवाखान्याच्या संगणकातल्या नोंदवहीत जाऊन बघायचं, की हा पेशंट अजून येतो का, त्याची पुढची तारीख आहे का. नोंदवही उघडेना, तर सरळ 'नाही' सांगायचं. आणि तसं झालं की काका दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात फोन लावत. तिथल्या रेकॉर्डवाल्या बाई त्यांना आवाजावरून ओळखत. "बोला थांबाकाका," असंच म्हणत. म्हणजे आमचं ठेवलेलं नाव तिथवर पोचलं होतं.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. अकरा भाषांत मला काकांची एकही चूक सापडली नाही, याचा मला थोडा रागच होता.

मग बारावे साहेब आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या जुन्या कंपनीतला एक तज्ज्ञ आला आणि एक बारावी भाषा आली. पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "या भाषेची खासियत सांगतो. ही कुणासाठी थांबत नाही." आमची सगळ्यांची नजर काकांकडे गेली. ते वहीत लिहून घेत होते.

साहेबांनी स्पर्धा लावली. तज्ज्ञाने आणि काकांनी नव्या भाषेत तेच प्लगइन लिहायचं. ज्याचं प्लगइन एका सेकंदात जास्त उत्तरं देईल ते राहील, आणि माणूसही तोच राहील. एका कामाला दोन माणसं कशाला? काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं चार महिने उरले होते. त्याआधी घरी बसले असते, तर पेन्शन अर्ध्यावर आली असती.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्या रविवारी मी वर गेले, तेव्हा काका खिडकीपाशी नव्या भाषेचं जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी अर्धं आयुष्य टायपिंग शिकवलं आहे. वेगाचं महत्त्व त्यांना वेगळं सांगायला नको.

"यांना बारा भाषा येतात," काकू मला म्हणाल्या, "पण घरात दोनच शब्द. हं आणि बरं. तू तरी सांग गं यांना, जरा भरभर हात चालवा म्हणावं."

"अहो, हात भरभर चालतोय," काका म्हणाले. "नोंदवही उघडायला वेळ लागतो. तो दवाखान्याच्या हातात."

"मग नका उघडू! दोन वर्षांचा प्रश्न आहे, आपल्या दोघांचा प्रश्न आहे. त्या सर्व्हरला काय कळतंय?"

"त्याला नाही कळत. म्हणून तर तो विचारतो," काका म्हणाले. काकूंनी हातातला टॉवेल उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. त्या रडवेल्या झाल्या होत्या आणि मला कुठे बघावं कळेना.

स्पर्धेच्या दिवशी मी दहा हजार फाइली घेऊन बसले. काकांच्या प्लगइनने एका सेकंदात चाळीस उत्तरं दिली. तज्ज्ञाच्या प्लगइनने नऊ हजार. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी उत्तरं उघडून बघितली, तर तज्ज्ञाची दहा हजारच्या दहा हजार उत्तरं 'हो' होती.

कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली. तज्ज्ञाचं प्लगइन नोंदवहीला प्रश्न पाठवत होतं, अगदी रीतसर. फक्त उत्तराची वाट न बघता सर्व्हरला 'हरकत नाही' सांगून मोकळं होत होतं. नोंदवहीचं उत्तर मागाहून यायचं, तेव्हा ते ऐकायला तिथे कुणीच नसायचं. नव्या भाषेत असली चूक सहज होते. प्रश्नाच्या आधी 'वाट बघ' अशा अर्थाचा एक शब्द लिहायचा राहतो.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नंतर दुरुस्त होईल हो. तुम्ही आकडा भरा." मी म्हटलं, शेरा लिहिते. ते म्हणाले, "तक्त्यात शेऱ्याला रकाना आहे का?" नव्हता. मी नऊ हजार आणि चाळीस असे दोन आकडे भरून खाली सही केली. मला तेव्हा लाज वाटली, आणि ती पुरेशी वाटली नाही, हे इथे कबूल करते.

काका हरले, आणि महिनाअखेरीला त्यांनी घरी बसायचं असं ठरलं. तज्ज्ञाचं प्लगइन पहिल्यांदा बसवलं ते काकांच्या ओळखीच्या त्याच दवाखान्यात. दुरुस्ती करायची 'नंतर' ही वेळ अजून आलेली नव्हती. मंगळवारी दुपारी सर्व्हरने सहा हजार जुन्या फिल्म पुसायला काढल्या आणि चहा होईपर्यंत पुसूनही टाकल्या. दुसरी प्रत होती, पण मूळ फाइल गेली की प्रतही तासाभरात जाते. याबाबतीत आमचा सर्व्हर फार चोख आहे.

बुधवारी काकांचा फोन वाजला. रेकॉर्डवाल्या बाई होत्या. एक शिलाई करणारी बाई तपासायला आली होती. तिच्या छातीच्या फिल्ममध्ये डाग दिसत होता. डॉक्टरांना नऊ वर्षांपूर्वीची फिल्म हवी होती. डाग तेव्हाही असेल तर घाबरायचं कारण नव्हतं, नसेल तर ऑपरेशन करून बघावं लागणार होतं. रेकॉर्डवाल्या बाईंनी फिल्म मागितली आणि सर्व्हरने सांगितलं, अशी फाइल नाही.

काकांनी दोन दिवस सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. मीही बसले त्यांच्याबरोबर. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, की तू सही कशी केलीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं. फिल्म काही मिळाली नाही.

शुक्रवारी साहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. ते दवाखान्याला जायचं होतं. त्यात लिहिलं होतं, की कंपनीने पुसण्याआधी आपल्याकडे चौकशी केली होती, आपली हरकत आली नाही, सबब कंपनी जबाबदार नाही.

"तुम्हाला तिथे मान आहे," साहेब काकांना म्हणाले. "तुमची सही असली की विषय संपतो. आणि मग तुमच्या त्या दोन वर्षांचंही बघू. मी काही वाईट माणूस नाही."

काकांनी पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग साहेबांच्या टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता. साहेब "अहो, अहो" करेपर्यंत बाईंनी उचललाही.

"बाई, मी बोलतोय," काका म्हणाले. "एक विचारायचं होतं. मंगळवारी ती फिल्म पुसण्याआधी आमच्याकडून तुम्हाला विचारणा आली होती का?"

फोनचा आवाज मोठा होता. आम्हाला तिघांनाही ऐकू आलं.

"प्रश्न आला होता," बाई म्हणाल्या. "नोंदवहीने उत्तरही दिलं होतं, की पेशंट येतो, पुसू नका. माझ्यासमोर आहे ते. तुमच्याकडे कुणी वाचलं नाही का?"

काकांनी फोन ठेवला, पेन घेतलं आणि 'हरकत आली नाही' या शब्दांवर रेघ मारून वर लिहिलं, 'हरकत आली होती. आम्ही ऐकण्यासाठी थांबलो नाही.' खाली सही केली. मग पत्र माझ्याकडे सरकवलं नाही, साहेबांकडेही नाही. घडी करून खिशात घातलं आणि स्वतःच दवाखान्यात देऊन आले. सोमवारी त्यांचं टेबल रिकामं झालं. पेन्शन अर्धीच बसली. काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तेवढे दिवस त्या घरात ते दोन शब्दसुद्धा उरले नाहीत.

शिलाईवाल्या बाईचं ऑपरेशन झालं. डाग जुनाच निघाला, निरुपद्रवी. ती दीड महिना मशीनला हात लावू शकली नाही.

त्या पत्रामुळे एक झालं. दवाखान्याने सगळ्या दवाखान्यांना सांगितलं, सगळ्यांनी मिळून कंपनीला धरलं, आणि मोठ्या साहेबांनी हुकूम काढला: नवं प्लगइन नीट होईपर्यंत प्रत्येक जुनी फिल्म पुसण्याआधी माणसाने माणसाला फोन करून विचारायचं. सेकंदाला नऊ हजारांवरून आम्ही तासाला सहावर आलो. फोन करायचं काम माझ्याकडे आलं, आणि देखरेखीला बारावे साहेब जातीने बसले.

पहिला नंबर त्याच दवाखान्याचा होता. मी फिल्मचा नंबर सांगितला आणि पुसू का असं विचारलं. पलीकडचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रेकॉर्डवाल्या बाईंनी त्यांना अर्ध्या पगारावर तिथे बसवलं होतं.

"कोण, तू का गं?" काका म्हणाले. "नंबर परत सांग. बघून येतो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली, मग कुणालातरी काहीतरी विचारल्याचं पुसटसं ऐकू आलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेब माझ्यासमोर उभे होते, घड्याळाकडे बघत. "ठेवा तो फोन," ते म्हणाले, "पुढचा लावा."

मी फोन कानालाच धरून बसले.