खर्जाचा दोरा

१९७१ सालची गोष्ट. दुपारी जेवून आडवी झाले, पंख्याची घरघर कानात विरघळू लागली, की हल्ली ती आठवते. आज मात्र दादाच आला आहे. पलंगाच्या कडेला बसला आहे. जाऊन अकरा वर्षं झाली, पण सदऱ्याची कॉलर तशीच मळकी.

"कुमे, ऊठ. श्रोते आलेत."

"किती?"

"चार."

"म्हणजे गर्दीच की!"

मी पाय खाली सोडते ते मिरजेच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात. वर्गाला कुलूप लावायचं म्हणून थांबलेले पाटणकर मास्तर. न कळलेल्या गोष्टींवर मासिकांत लिहिणारे दातांचे डॉक्टर. स्वेटर विणणारी त्यांची बायको. आणि तंबोरे बनवणारे इस्माईलचाचा. तेही आपल्या चार तंबोऱ्यांच्या काळजीने आलेले.

दादाच्या थोर प्रयोगाचं नाव 'लोप'. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये सुती दोरा असतो, त्याने तंबोरा गुंजतो. तो दोरा एकेका तारेखालून काढून टाकायचा. सोळा तारा, पाऊण तास. शेवटी मी छेडायचं आणि नुसतं ठक ठक व्हायचं, कुणी दार वाजवल्यासारखं. याला तो नवं संगीत म्हणतो.

सोळावा दोरा काढून तो डोळे मिटतो. मला ती ठक ठक सोसवत नाही. मी दोरा उचलते, खर्जाच्या, सगळ्यांत जाड तारेखाली हळूच सारते. तार जिवंत होते.

"वाह!" चाचा म्हणतात.

चाचांची दाद मिरजेत कुणाला मिळत नसे. ती दादाचीच समजून, तिच्या जोरावर वडिलांनी त्याला संगीतासाठी मुंबईला पाठवलं आणि माझं गाणं सोडवून मला कऱ्हाडला दिलं.

आता आम्ही तंबोरेवाल्यांच्या गल्लीत आहोत. छपरांवर भोपळे वाळताहेत. प्रत्येक भोपळ्याला डॉक्टरांचा चष्मा आहे.

"दादा, मी दोरा परत घातला ते तुला ऐकू आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"चाचा वाह म्हणाले ना गं. मला दुसरं कोण म्हणणार होतं?"

"आणि माझं गाणं?"

"बरं होतं."

"बरं?"

"चांगलं होतं." अजून त्याला तो शब्द जड जातो. तो माझी मूठ उघडतो. "ती वाह तुझी. घे."

"पन्नास वर्षांनी? ठेव तुझ्याकडेच. तिकडेही चारच श्रोते असतील."

"तीन," तो म्हणतो. "चाचा येत नाहीत."

जाग येते. वीज गेली आहे.

पाटणकर मास्तर निवृत्त झाले, वर्गाची किल्ली खिशात घेऊनच. डॉक्टरांनी 'लोप'वर पुस्तक काढलं. त्यात मी 'साथीला बहीण' एवढीच आहे. तो स्वेटर त्यांना आखूड झाला. दादा मुंबईत शेवटपर्यंत चौघांपुढे ठकठकत राहिला. मी कऱ्हाडात भजनालासुद्धा तोंड उघडलं नाही. चाचा केव्हाच गेले. माझ्या लग्नात त्यांनी त्या चारांतलाच एक तंबोरा आहेर म्हणून पाठवला होता. खर्जाच्या तारेखाली दोरा नव्हता. तेव्हा मला वाटलं, म्हातारा विसरला; मीही कधी घातला नाही.

माझ्या तर्जनीला पांढरा सुती दोरा गुंडाळलेला आहे. घरात शिवणटिपण कुणी करत नाही.

मी कपाटावरचा तंबोरा खाली काढते.