दुसरी आंघोळ

बाळाची आंघोळ सकाळीच झाली होती. तेल, डाळीचं पीठ, धुरी, सगळं. ते माझ्या मांडीवर झोपलं होतं आणि त्याच्या टाळूला वेखंडाचा वास येत होता. मीनल, त्याची आई, कपाटावरचं पुस्तक काढायला उठली होती. "बाई, जरा धरता का?" म्हणून तिनेच ते माझ्याकडे दिलं होतं.

दारात मीनलची आजी उभी होती. घरात तिला सगळे माई म्हणत.  माईंनी फक्त सखूकडे बघितलं. सखू म्हणजे बाळ-बाळंतिणीचं करायला वरंधहून आणलेली बाई. ती पुढे आली, माझ्या मांडीवरून बाळ उचललं आणि सरळ न्हाणीघरात गेली. बंबातून पाणी काढल्याचा आवाज आला. मग तांब्याचा. मग बाळाचं रडणं.

थंडीचे दिवस होते.

मीनलने पुस्तक उघडलं. मान वर केली नाही.

"बाई, मॅग्ना कार्टापर्यंत आलो होतो आपण."

"हो," मी म्हणाले. "बाराशे पंधरा." आणि पुढे शिकवायला लागले.

मुलांनो, परवा फोन चालू असताना तुम्ही दोघं तुमच्या बाबांना त्यांच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न विचारत होतात. बाबा अडले की मी इथून उत्तर सांगत होते. इंग्लंडात बायकांना मताचा हक्क कधी मिळाला, गुलामांचा व्यापार कधी बंद झाला, आठव्या हेन्रीने रोमशी नातं का तोडलं. तुम्ही हसलात. "आजी, तू तर इथे कधी आलीच नाहीस, तुला कसं माहीत?" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते. मराठी अडलं तर बाबांना विचारा. त्यांना यातलं सगळं माहीत आहे.

मी पोलादपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. महाड ते पोलादपूर रोज एसटीने. तालुक्यात कुणाला इंग्रजीचं काही अडलं की माझं नाव निघायचं. आम्ही बौद्ध. माझे वडील लहानपणी, त्यांच्या वडिलांचं बोट धरून, महाडच्या सत्याग्रहाला तळ्यावर गेले होते. ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर गावात झालेली मारहाणही त्यांनी बघितली. ते म्हणायचे, पाण्याची चव काही आठवत नाही, पळताना हातातून सुटलेलं बोट आठवतं. मीनलचं घर त्याच तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वीचे खोत. आता औद्योगिक वसाहतीत त्यांचे ट्रक चालतात.

दोन हजार पाचचा महापूर येऊन गेला, त्याच्या पुढचा हिवाळा. मीनल बाळंतपणाला इंग्लंडहून माहेरी आली होती. परत गेल्यावर तिला नागरिकत्वाची परीक्षा द्यायची होती. परीक्षा तेव्हा नवीनच निघाली होती. तिच्या पुस्तकात सुरुवातीलाच इतिहासाचं लांबलचक प्रकरण. त्यातलं किती विचारतात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्या नवऱ्याचं म्हणणं, सगळंच कर. मीनलचं इंग्रजी कच्चं. नापास झाली तर सासरचे हसतील ही धास्ती. तिचे वडील अण्णा स्वतः आमच्या घरापर्यंत आले. आत आले नाहीत. अंगणातच उभं राहून म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?"

मी हो म्हणाले. त्याला कारण तुमचे बाबा.

तुमचे बाबा तेव्हा वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात केमिस्ट होते. पाळीवरून आले की शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकायचे, तरी वास घरात यायचा. खोकला लागला होता. धाकटीचा जन्म व्हायचा होता, थोरला तुमच्या आईच्या कडेवर. मीनलचा नवरा तिकडे एका औषध कंपनीत चांगल्या जागेवर. तिथे माणूस हवा होता. "तुमच्या मुलाचं नाव जावई सुचवतील," अण्णा म्हणाले होते. बाबांच्या तोंडावर इतका उजेड मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. रोज विचारायचे, "आई, काही बोलले का?"

म्हणून त्या दुसऱ्या आंघोळीनंतर मी उठले नाही. शिकवत राहिले. घरी येऊन भाकरी खाल्ली. कुणाला सांगितलं नाही.

त्या घरात मला कुणी कधी उणा शब्द बोललं नाही, हेही लिहिते. "या बाई, बसा बाई." बसायला खुर्ची. चहा कपबशीतून. कप कुठे ठेवतात ते बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आणि माई गमतीच्या होत्या. दारात बसून ऐकायच्या. हेन्रीच्या सहा बायका मी सांगितल्या त्या दिवशी म्हणाल्या, "सहा? आणि हे लोक आम्हाला शहाणपण शिकवायला आले होते?"

मीनल म्हणाली, "माई, दोघींची मुंडकी उडवली त्याने."

"बरं गो बाई. आपल्याकडे नुसतं माहेरी धाडतात."

मीही हसले. मनापासून हसले. माणसं वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

बाळाला सर्दी झाली. नाक चोंदलं, दूध ओढताना धाप लागायची. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा सखू मागच्या दाराशी दुपटी वाळत घालत होती. इकडेतिकडे बघून म्हणाली,

"बाई, मला बोल लावू नका. माई नुसत्या बघतात, मला पानी काढायला लागतं."

"तुला नाही बोलत मी, सखू."

"पन आता त्याला घेऊ नका. माजं काय नाय. त्या पोराचं हाल हाय."

खरं होतं ते. शिक्षा मला नव्हती. त्याला होती. हे इतकं सोपं मला त्या बाईने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी गेले की पुस्तक मांडीवर उघडायची आणि दोन्ही हात पुस्तकावर ठेवायची. मीनल बाळाला पाजायची, पाळण्यात घालायची, मी खिडकीबाहेर बघायची. पाळणा खोलीतच होता.

आम्ही गुलामांच्या व्यापारापर्यंत पोचलो होतो. मी सांगत होते, अठराशे सातला व्यापार बंद झाला, पण गुलाम गुलामच राहिले, ते सुटायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. मीनल म्हणाली, "म्हणजे विकायचं नाही, पण ठेवायचं?" मी म्हणाले, "तसंच." तिने ते वहीत लिहिलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. तिच्या नवऱ्याचा. ती धावत गेली, जाताना दार ओढून गेली.

माई देवळात गेल्या होत्या. सखू नळावर.

बाळ कुरकुरलं. मग रडायला लागलं. मी उठून पाळण्यापाशी गेले. तोंडातून दूध आलं होतं, थोडं नाकातही. ते रडायचं, मध्येच अडकायचं, खोकायचं, परत रडायचं. चेहरा जांभळा होत चालला.

मी दोन मुलं वाढवली आहेत. थोरला नातू याच हातांवर वाढला. अशा वेळी काय करायचं हे हातांना सांगावं लागत नाही. खांद्यावर घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा. बस.

मी घेतलं नाही.

हात उचललेच नाहीत. मी ते पाठीमागे धरून उभी होते. पाळण्याची दोरी तरी ओढावी का, याचा विचार करत होते. दोरीला हात लागला तर चालेल का. दोरी धुता येते का. खरंच हे माझ्या डोक्यात आलं. मी एम.ए. झालेली, शेकडो मुलांना शिकवलेली बाई. समोर पोर गुदमरतंय आणि मी दोरीचा विटाळ मोजतेय. "मीनल, मीनल," म्हणून हाक मारली. आवाज बंद दारापर्यंतसुद्धा गेला नसेल.

मग दार उघडलं. मीनलने धावत येऊन बाळाला उचललं, पालथं धरलं, पाठ चोळली. दूध पडलं. रडणं मोकळं झालं. ती माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाई, तुम्ही घ्यायचं नाही का त्याला?"

रागाने म्हणाली. अगदी खरा राग. एका आईचा.

मी म्हणाले, "घेतलं असतं तर परत आंघोळ घातली असतीत ना?"

 बाळ तिच्या खांद्यावर हुंदके देत होतं. माझे हात अजून पाठीमागेच होते. ते पुढे आणायला मला जोर लावावा लागला. तेव्हा मला समजलं. या घराने माझं काय करायचं ते करून टाकलं होतं. आता माईंनी बघायची गरज नव्हती. मी स्वतःच स्वतःला लांब धरायला शिकले होते.

मी पुस्तक मिटलं.

"मीनल, उद्यापासून मी येणार नाही. राहिलेलं माझ्या घरी येऊन शीक. बाळाला घेऊन ये."

"बाई, अण्णा..."

"अण्णांना विचार."

अण्णा संध्याकाळीच आले. पुन्हा अंगणात उभे.

"बाई, काही चुकलं का आमचं?"

"बाळाला परत आंघोळ का घातलीत?"

 ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जुनं माणूस आहे, बाई. किती दिवस राहिलेत तिचे. आपण शिकलेली माणसं, आपण कशाला मनावर घ्यायचं?"

"मी घेतलंय."

"तुमच्या मुलाचं काम आम्ही विसरलो नाही हं," अण्णा म्हणाले. आवाज तसाच मऊ होता.

"मीनलला घरी पाठवा. मी शिकवेन," मी म्हणाले. 

तुमचे बाबा दाराच्या आत उभे राहून हे ऐकत होते. अण्णा गेल्यावर ते म्हणाले, "आई, अजून थोडे दिवस नसतं का जमलं?"  त्यांचा शर्ट दोरीवर होता. ते परत बोलले नाहीत. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मीनल आली. चार-पाच दिवसांनी, दुपारची, एकटीच. आमच्या वाडीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. मी तांब्या-पेला घेऊन रस्त्यापर्यंत गेले. ती उतरली नाही. पुस्तक मांडीवर उघडलेलं होतं.

"बाई, इथेच सांगता का? थोडंच राहिलंय. बायकांच्या मतापासून पुढचं."

"आत ये. पाणी घे आधी."

मी पेला पुढे केला. तिने पेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुढच्या आरशात रिक्षावाला तिला बघत होता, ते तिला दिसलं. तो बाजारपेठेतला मुसलमान माणूस, अण्णांच्या घरची सगळी भाडी त्याचीच.

"तहान नाही बाई," ती म्हणाली.

रिक्षावाल्याने मागे हात केला. "द्या बाई इकडे. सकाळपासून तोंड कोरडं हाय." त्याने पेला एका दमात रिकामा केला, परत दिला, मिशी पुसली. "गार हाय पानी," म्हणाला.

मीनल रडायला लागली. "मला नाही करता येत, बाई. मला परत त्याच घरात जायचंय." तिचं खोटं नव्हतं. ती साहेबाच्या देशाची नागरिक व्हायला निघाली होती आणि बापाच्या ओटीवरून खाली उतरायला तिला परवानगी नव्हती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हवा होता का? मला माहीत नाही. मी फिरवला नाही. शिकवलंही नाही. रिक्षा वळून गेली.

ती पुढे पास झाली असं ऐकलं. बाबांचं नाव त्या कंपनीत कुणी सुचवलं नाही. तो खोकला आणखी काही वर्षं आमच्या घरात राहिला. मग बाबा स्वतःच्या अर्जावर, स्वतःच्या मुलाखतीवर तिकडे आले, आणि तुम्ही आलात. ती वर्षं त्यांना माझ्यामुळे काढावी लागली. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मी विसरलेले नाही.

अजूनही माझ्याकडे इंग्रजी शिकायला मुलं येतात. सगळ्या आळ्यांतली. दाराशी माठ आहे. आलेल्याने आधी पाणी प्यायचं, मग पाटी काढायची. काही पालक एकदा येतात आणि परत येत नाहीत. न येवोत.

बाबांची परीक्षा झाली की त्यांना शपथ घ्यावी लागेल. त्यांची त्यांनी घ्यावी. माझी मी घेतली आहे, ती तुम्हाला सांगून ठेवते. मूल रडलं तर मी उचलणार. कुणाचंही. आधी विचारणार नाही. मग त्याला न्हाऊ घालायला घरात किती पाणी आहे, ते ज्याचं त्याने बघावं.